वाफेची इंजिने, त्यांच्यामागचे धोरण आणि दहा फुटांचा लेआउट

आपला प्रश्न मला असा समजला. भिंतीलगत दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा आहे. १९५० च्या दशकातले, घाटावरचे, मध्य रेल्वेचे एखादे ठाणे एचओ मापात (१:८७) उभारायचे आहे. डब्ल्यूपी (प्रवासी गाड्यांचे) आणि डब्ल्यूजी (मालगाड्यांचे) ही इंजिने हवीच आहेत, पण जुन्या ब्रिटिश ढंगाच्या इंजिनांचाही मोह आहे. भारतीय वाफेच्या इंजिनांची तयार मॉडेल बाजारात सहसा मिळत नाहीत, तेव्हा परदेशी मॉडेल घेऊन ती रंगवली तर चालतील का, असे आपण विचारता. शेवटी जाता जाता आपण असेही विचारले आहे की आपल्या रेल्वेने इतके निरनिराळे वर्ग मुळात बनवले कशासाठी.

माझ्या मते उत्तराची सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करायला हवी. कोणते परदेशी मॉडेल कोणत्या भारतीय इंजिनासाठी चालेल, हे रंगावर किंवा चिमणीच्या आकारावर ठरत नाही; चाकांचा व्यास, भट्टीची जागा, सिलिंडर आत की बाहेर, आणि प्रत्येक आसावर किती भार, यांवर ठरते. या चारही गोष्टी त्या त्या काळच्या धोरणाने ठरवल्या होत्या. मी पितळी पत्रा आणि स्टायरीन हे प्लास्टिक वापरून भारतीय इंजिने बनवतो, आणि नवे इंजिन हाती घेण्यापूर्वी ते कोणत्या धोरणातून जन्माला आले हे आधी पाहतो. तेवढे समजले की सांगाडा कुठे शोधायचा हे बहुतेक वेळा आपोआप कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतातली प्रत्येक रेल्वे कंपनी लंडनमधल्या आपापल्या सल्लागार अभियंत्यांकडून इंजिनांचे आराखडे करून घेत असे. परिणामी एकाच कामासाठी दहा कंपन्यांची दहा इंजिने तयार होत, आणि कारखान्यांना दर वेळी नवे साचे, नवी हत्यारे लागत. मागणी वाढली तशी ब्रिटिश कारखान्यांची दमछाक होऊ लागली आणि काही मागण्या जर्मनीकडे व अमेरिकेकडे गेल्या. तेव्हा ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी मानक समितीने भारतासाठी मोजके ठरावीक आराखडे करण्याचे काम हाती घेतले, आणि १९०३ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. यांनाच आपण बेसा (BESA, म्हणजे ब्रिटिश इंजिनिअरिंग स्टँडर्ड्स असोसिएशन) इंजिने म्हणतो. पुढच्या आकड्यांत पहिला पुढच्या लहान चाकांचा, मधला जोडलेल्या चालक चाकांचा आणि शेवटचा मागच्या लहान चाकांचा असतो. हलक्या मालगाडीसाठी ०-६-०, प्रवासी गाडीसाठी ४-४-०, जड मेलसाठी ४-६-०, जड मालगाडीसाठी २-८-०, असे ते कुटुंब होते. पुढे त्यांना वाफ आणखी तापवणारे सुपरहीटर बसले आणि नावांच्या शेवटी एस लागला: याच क्रमाने एसजीएस, एसपीएस, एचपीएस, एचजीएस. दिसायला ही इंजिने पूर्णपणे ब्रिटिश होती, कारण ती ब्रिटिश ड्रॉइंग ऑफिसांतून आणि ब्रिटिश सवयीतून आली होती: चपट्या माथ्याची बेलपेअर भट्टी, चौकटीच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेली, कोळसा जळतो ती अरुंद जाळी, आणि नीटनेटका धावफलक, म्हणजे चाकांवरून बॉयलरलगत जाणारी चालण्याची पट्टी.

पहिल्या महायुद्धानंतर प्रश्न बदलला. उत्तम प्रतीचा कोळसा महाग झाला होता आणि जास्त राखेचा, हलका कोळसा स्वस्तात मिळत होता. असा कोळसा जाळायचा तर जाळी रुंद हवी, रुंद जाळी चौकटीच्या पत्र्यांमध्ये मावत नाही, म्हणून ती चालक चाकांच्या मागे न्यावी लागते, आणि तिथे तिचा भार पेलायला मागे लहान चाकांची आणखी एक जोडी लागते. ४-६-० चे ४-६-२ झाले आणि २-८-० चे २-८-२ झाले ते याच कारणाने. १९२४ मध्ये नेमलेल्या समितीने यावर आधारित नवे मानक आराखडे केले. त्यांत ब्रॉडगेजला एक्स, मीटरगेजला वाय आणि नॅरोगेजला झेड हे अक्षर दिले. एक्सए, एक्सबी आणि एक्ससी या तिन्ही पॅसिफिक म्हणजे ४-६-२ इंजिनांत मुख्य फरक आसभाराचा होता: एक्सए सुमारे १३ टन, एक्सबी १७ टन आणि एक्ससी १९.५ टन. ज्या शाखेचा रूळ जितका मजबूत, तितके जड इंजिन. मला हे वर्गीकरण फार आवडते, कारण त्यात इंजिनाची ओळख रुळाच्या ताकदीवरून होते आणि मॉडेल करणाऱ्यालाही तेच लक्षात ठेवावे लागते: शाखा मार्गावर एक्ससी उभे केले की जाणकाराला ते लगेच खटकते.

या धोरणाचा एक भाग मात्र गंभीर चूक ठरला. पुरेशा चाचण्या होण्याआधीच या पॅसिफिक इंजिनांची मोठी खरेदी झाली. तिन्ही वर्ग मिळून ती २८४ आली. वेगात ती डोलत, बाजूने रुळाला हिसके देत आणि मार्ग वाकवत. १७ जुलै १९३७ रोजी बिहारमध्ये बिहटाजवळ एक्सबी इंजिनाची एक्सप्रेस गाडी घसरली आणि शंभरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर सर ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखाली पॅसिफिक लोकोमोटिव्ह समिती नेमली गेली. विल्यम स्टॅनियर हे त्या काळचे नामवंत ब्रिटिश इंजिन अभियंते तिचे सदस्य होते. पुढची बोगी आणि मागचा ट्रक यांना बाजूने आवरून धरणाऱ्या स्प्रिंगांची व्यवस्था अपुरी असल्याचे समितीने दाखवून दिले. त्याबरोबरच, नीट तपासून न पाहता इतकी इंजिने घेण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवले. आपल्या कामासाठी यातले महत्त्वाचे असे की या काळात जुन्या बेसा ४-६-० कडे पुन्हा वळणे झाले आणि एचपीएस इंजिने स्वातंत्र्याच्या सुमारासही नव्याने बांधली जात होती. म्हणून १९५० च्या दशकातल्या देखाव्यात एखादे बेसा ४-६-० दिसायला जुने असले तरी वयाने डब्ल्यूपीच्या बरोबरीचे असू शकते. ते गंजलेले, धुरकटलेलेच दाखवले पाहिजे असे मुळीच नाही.

डब्ल्यूपीचा आराखडा या अनुभवातून शहाणा झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि कॅनडातून आलेल्या २-८-२ इंजिनांनी आपल्याकडे चांगले काम दिले होते: बार फ्रेम, दोनच सिलिंडर आणि तेही बाहेर, हात सहज पोहोचेल अशी यंत्रणा, कमी देखभालीत चालण्याची क्षमता. १९४७ मध्ये बाल्डविन कारखान्याकडून डब्ल्यूपीची पहिली १६ इंजिने आली. या वेळी आधी थोडी घेऊन पाहिली आणि मगच मोठी मागणी दिली. एकूण ७५५ डब्ल्यूपी बांधली गेली. आसभार १८.५ टन, जाळी ४६ चौरस फूट, चालक चाके ५ फूट ७ इंच. मालगाडीसाठी तिचे भावंड म्हणजे डब्ल्यूजी २-८-२. बॉयलरसकट अनेक भाग दोघांत सारखेच ठेवले, ज्यामुळे शेडच्या भांडारात सुट्या भागांची संख्या कमी झाली. चित्तरंजनच्या कारखान्यातले पहिले इंजिन डब्ल्यूजीच होते: क्रमांक ८४०१, नाव ‘देशबंधू’, १ नोव्हेंबर १९५०. शेवटचे ‘अंतिम सितारा’ १९७० मध्ये बाहेर पडले आणि तोपर्यंत या एका वर्गाची २४५० इंजिने झाली होती.

ब्रिटनने १९६० मध्ये वाफेच्या इंजिनांचे बांधकाम थांबवले आणि आपण १९७२ पर्यंत मीटरगेजची वायजी बांधत राहिलो, यावर अनेकांना आश्चर्य वाटते. मला तो निर्णय त्या परिस्थितीत समंजस वाटतो. कोळसा आपला होता, तेल परकीय चलन देऊन आणावे लागे, चित्तरंजन आणि जमशेदपूरचे कारखाने उभे राहिले होते, आणि शेडमध्ये वाफेचे काम जाणणारी पिढी तयार होती. पाण्याचे स्तंभ, कोळशाचे धक्के, टर्नटेबल असा सगळा पसारा आधीच अस्तित्वात होता.

आता आपल्या लेआउटकडे येतो. बेसा, एक्स आणि डब्ल्यू ही तीन धोरणे कालक्रमाने एकामागून एक आली, पण शेडमध्ये ती एकत्रच नांदत होती. इंजिनाचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे, त्यामुळे नवे धोरण आले म्हणून जुने इंजिन मोडीत जात नाही, ते फक्त एक पायरी खाली उतरते. मेलवरचे इंजिन पॅसेंजरवर येते, पॅसेंजरवरचे मिश्र गाडीवर, आणि मालगाडीचे ०-६-० यार्डात शंटिंगला लागते. म्हणजे १९५५ च्या आसपासच्या ठाण्यावर मेलला डब्ल्यूपी, मालगाडीला डब्ल्यूजी किंवा युद्धकालीन अमेरिकी २-८-२, सावकाश पॅसेंजरला बेसा ४-६-० आणि यार्डात एसजीएस, हे चित्र पूर्णपणे पटण्यासारखे आहे. सगळी एकत्र चालवता येतील का, याचे उत्तर म्हणूनच होय असे आहे. मात्र प्रत्येकाला त्याच्या पायरीचे काम द्यायला हवे. डब्ल्यूपीला शंटिंग करायला लावले आणि एसजीएसच्या मागे मेलचे डबे जोडले, तर रंगकाम कितीही सुरेख असले तरी देखावा खोटा वाटतो.

परदेशी मॉडेलच्या प्रश्नाआधी मापाचा पेच सोडवावा लागेल. आपले ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. एचओ म्हणजे १:८७, त्यात हे अंतर साधारण १९.२ मिमी येते. बाजारातला तयार रूळ मात्र १६.५ मिमीचा, म्हणजे १४३५ मिमी गेजसाठी असतो. आयर्लंडमधल्या हौशी मंडळींपुढेही हाच पेच आहे. तिथले गेज ५ फूट ३ इंच असल्याने त्यांच्यातले काटेकोर लोक ४ मिमी मापात २१ मिमीचा रूळ स्वतः बनवतात. १९.२ मिमीचा रूळ हाताने घालणे आपल्यालाही शक्य आहे, पण मग प्रत्येक काटा, प्रत्येक आस आणि प्रत्येक सिलिंडरची जागा स्वतः करावी लागेल. हाताशी वेळ किती आणि लेथ आहे की नाही, यावर हा निर्णय अवलंबून आहे. पहिल्याच लेआउटसाठी मी १६.५ मिमीच सुचवेन. इंजिने आणि डबे १:८७ ठेवावेत आणि रुळातली पावणेतीन मिलिमीटरची तूट स्वीकारावी.

ही तूट डोळ्यांना कमी जाणवावी म्हणून मी एक गोष्ट नेहमी करतो. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५० मिमी लांब असतो, १:८७ मध्ये ३१.६ मिमी. तो पूर्ण लांबीचा ठेवला तर रुळांच्या बाहेर दोन्ही बाजूंना लाकूड जास्त दिसते आणि रूळ आणखीच जवळ आल्यासारखे वाटतात. त्याऐवजी रुळाबाहेर डोकावणारा भाग बरोबर मापाचा ठेवावा. २७५० मधून १६७६ वजा केले की १०७४ उरतात, १:८७ मध्ये १२.३ मिमी, त्यात १६.५ मिळवले की स्लीपरची लांबी सुमारे २८.८ मिमी ठरते. अमेरिकी एचओ रुळाचे स्लीपर जवळपास ३० मिमी असतात, तेव्हा दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मिलिमीटर छाटला की काम झाले. रुळाच्या उंचीकडेही लक्ष द्यावे. ९० पौंडी रूळ १४३ मिमी उंच असतो, म्हणजे मॉडेलमध्ये १.६४ मिमी. कोड १०० चा रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या सहस्रांशांत) त्या हिशेबाने फार जाड दिसतो. कोड ७० किंवा ७५ शोभतो.

परदेशी सांगाडे निवडताना मी सर्वांत आधी चालक चाकांचा व्यास पाहतो. भारतीय धोरणाचा यात मोठाच फायदा आहे, कारण बेसा आणि एक्स या दोन्ही कुटुंबांत मुख्यतः दोनच व्यास पुन्हा पुन्हा येतात: वेगासाठी ६ फूट २ इंच आणि ओढीसाठी ५ फूट १.५ इंच. १:८७ मध्ये ते अनुक्रमे २१.६ आणि १७.९ मिमी होतात. डब्ल्यूजीने १७.९ चाच व्यास पुढे चालवला, फक्त डब्ल्यूपीचा १९.५ मिमी वेगळा आहे.

बेसा इंजिनांसाठी ब्रिटिश ओओ मॉडेलकडे वळावे. ओओ माप १:७६ असते पण रूळ तोच १६.५ मिमीचा, ही विसंगती इथे आपल्या उपयोगी पडते. ब्रिटिश गाड्या भारतीय गाड्यांपेक्षा अरुंद असतात. १:७६ मध्ये बनवलेला नऊ फुटी ब्रिटिश डबा ३६ मिमी रुंद भरतो, आणि आपला सव्वातीन मीटर रुंदीचा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा १:८७ मध्ये ३७ मिमीच्या थोडा वर जातो. म्हणजे ओओचे अंग १:८७ च्या भारतीय अंगाजवळ येते. एसजीएससाठी ग्रेट वेस्टर्न या ब्रिटिश रेल्वेच्या ५७०० वर्गाच्या पॅनियर टँक इंजिनाचा (बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेल्या) सांगाडा पाहावा: चाके ४ फूट ७.५ इंच, ओओमध्ये १८.५ मिमी, आणि सिलिंडर एसजीएससारखेच आत. एचपीएससाठी ब्रिटिश रेल्वेच्या स्टँडर्ड क्लास ४ चे ४-६-० उत्तम: ५ फूट ८ इंचांची चाके २२.७ मिमी भरतात, म्हणजे एक मिलिमीटरच मोठी, आणि झडपा चालवणारे बाहेरचे वॉलशार्ट गियर आधीच जागेवर असते. याउलट त्याच देशाच्या ब्रिटानिया पॅसिफिककडे मी कुणाला जाऊ देत नाही. तिची चाके ओओमध्ये २४.७ मिमी होतात आणि भारतीय अंगाखाली ती सायकलच्या चाकांसारखी दिसतात.

डब्ल्यूजीसाठी अमेरिकी एचओ मॉडेल घ्यावे. यूएसआरए (युनायटेड स्टेट्स रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन) लाइट मिकाडो हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले प्रमाणित २-८-२ इंजिन अनेक उत्पादकांनी बनवले आहे. त्याची चाके ६३ इंचांची, एचओमध्ये १८.४ मिमी, डब्ल्यूजीला हवे १७.९. अर्धा मिलिमीटर कोणाच्या डोळ्यांना कळत नाही. रुंद भट्टी मागच्या ट्रकवर, सिलिंडर बाहेर, चौकट बारची, हे सगळे धोरणाच्या नात्यानेच जुळते. अंग मात्र नवे करावे लागते: बॉयलरचे कवच, कॅब आणि टेंडर (कोळसा-पाण्याची गाडी) स्टायरीनमधून किंवा थ्रीडी छपाईतून. चाकांच्या आसांमधली अंतरे खरेदीपूर्वी मूळ आराखड्यावरून मोजून घ्यावीत. व्यास जुळला म्हणून अंतरेही जुळतीलच असे नसते, आणि ही गोष्ट दुकानाच्या वर्णनात लिहिलेली नसते.

त्याच मालिकेतली लाइट पॅसिफिक पाहून ‘हीच डब्ल्यूपी करू’ असा मोह अनेकांना होतो. तिची चाके ७३ इंचांची, म्हणजे २१.३ मिमी, आणि डब्ल्यूपीला हवी १९.५. जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक धावफलकाला वर ढकलतो आणि डब्ल्यूपीचा जमिनीलगत धावणारा, भक्कम बांधा हरवून जातो. हाच सांगाडा एक्सबी किंवा एक्ससीला मात्र छान बसतो, कारण त्यांना २१.६ मिमी हवे असते. डब्ल्यूपीसाठी साडेएकोणीस ते वीस मिमीची चाके सुटी मागवून सांगाडा स्वतः करावा, हेच माझे स्पष्ट मत आहे. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पितळी पट्ट्यांची जोडी एकमेकींना डागून एकदमच भोके पाडली, म्हणजे दोन्ही बाजूंचे आस एकरेषेत येतात. नंतर उष्णता देऊन पट्ट्या सोडवाव्यात, मध्ये स्पेसर घालावेत आणि जोडदांड्यांची भोकेही त्याच मापावरून घ्यावीत. डब्ल्यूपीचा चेहरा म्हणजे धूरपेटीवरचा शंकू, मधोमध दिवा आणि त्याभोवतीचा तारा. शंकू मी लेथवर पितळातून काढतो, कारण छापलेल्या रेझिनच्या थरांच्या बारीक रेघा रंगाखालूनही तिरप्या उजेडात दिसतात आणि नेमक्या चेहऱ्यावरच दिसतात. तारा ०.१ मिमीच्या पत्र्यातून कापावा आणि शंकूच्या उतारावर बोटाने दाबत वाकवत न्यावा. सपाट तारा चिकटवला तर त्याची टोके हवेत राहतात.

जागेविषयी आता स्पष्ट बोलतो. आयसीएफचा डबा २१.३ मीटर लांब, १:८७ मध्ये २४५ मिमी. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब वाहनाच्या निदान तिप्पट असावी हा नियम मी पाळतो, म्हणजे ७३५ मिमी. आपल्याकडे रुंदी दोन फूट, सुमारे ६१० मिमी आहे, तेव्हा ब्रॉडगेजचा गोल फेरा या जागेत बसणार नाही. तो बसवण्यासाठी त्रिज्या कमी करू नका. डब्ल्यूपी तिथे रुळावरून उतरेल आणि उतरली नाही तरी डब्यांचे कोपरे एकमेकांना भिडतील. ठाणे सरळ ठेवावे, एका टोकाला भिंतीआड किंवा पुलामागे लपवलेले यार्ड द्यावे आणि गाड्या तिथून याव्या-जाव्यात. इंजिनासह पाच डबे सुमारे दीड मीटर घेतात. दहा फुटांत फलाट आणि लपवलेले यार्ड दोन्ही मावतात.

कोणते ठाणे, हा निर्णय आपला आहे, आणि त्यावर बरेच काही अवलंबून आहे. पुणे निवडले तर तिथपर्यंत घाटातून वीज १९३० च्या आधीच आली होती. म्हणजे तारा, खांब आणि मालगाडीचा ‘खेकडा’, अर्थात ईएफ/१ विद्युत इंजिन, हे सगळे दाखवावे लागेल. शिवाय मिरजेकडे जाणारा मीटरगेजही तिथे होता. हे अतिशय समृद्ध दृश्य आहे, पण दहा फुटांना झेपणारे नाही. मी आपल्या जागेसाठी कुर्डुवाडी सुचवेन. दौंड-सोलापूर मार्गावरचे ते ठाणे, वर तारा नाहीत, मुख्य मार्गावर मेल आणि मालगाड्या, आणि बाजूला २ फूट ६ इंच गेजची बार्शी लाइट रेल्वे, जी १ जानेवारी १९५४ रोजी सरकारकडे येऊन मध्य रेल्वेत सामील झाली.

इथे इंजिनाच्या धोरणाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण सापडते. बार्शी लाइटचे ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कालथ्रॉप यांनी १८९७ मध्ये ही रेल्वे सुरू केली ती एका नियमावर: इंजिन असो, डबा असो वा वाघिणी, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. रूळ हलका, म्हणून स्वस्त. आणि सर्व आसांवर भार सारखा, म्हणून त्या हलक्या रुळाचा पुरेपूर उपयोग. इंजिनाचा आकार याच नियमातून निघाला. लीड्सच्या किटसन कारखान्याने केलेले ०-८-४ टँक इंजिन पाहा: सहा आस, प्रत्येकी पाच टन, म्हणून एकूण वजन तीस टनांच्या आत. ओढीसाठी चार आस जोडलेले, उरलेला भार मागच्या बोगीवर. पुढे तिथे २-८-२ टेंडर इंजिनेही आली. पंढरपूरच्या वारीला जाणारी गर्दी याच नॅरोगेजने वाहिली.

मॉडेलच्या दृष्टीने कुर्डुवाडीचा आणखी एक फायदा आहे. ७६२ मिमी गेज १:८७ मध्ये ८.८ मिमी येते आणि एन गेजचा तयार रूळ ९ मिमीचा असतो. म्हणजे ब्रॉडगेजमध्ये सोसावी लागणारी तूट इथे जवळजवळ नाहीशी होते. एन गेजमधला २-८-२ सांगाडा बार्शीच्या टेंडर इंजिनाचा पाया होऊ शकतो. क्रँक चौकटीच्या बाहेर आहेत की आत, हे छायाचित्रात पाहून मगच तो घ्यावा. नॅरोगेजला २५० ते ३०० मिमीची त्रिज्या चालते, त्यामुळे दोन फूट रुंदीत तिचा पूर्ण फेराही बसतो आणि पाहुण्यांसाठी एक गाडी सतत फिरती ठेवता येते. मधोमध एक मालधक्का ठेवावा, जिथे बार्शीच्या वाघिणीतली पोती ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवली जात आहेत. दोन गेजची उंची आणि रुंदी शेजारी शेजारी आली की कालथ्रॉपचा नियम पाहणाऱ्याला न सांगता कळतो.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी एसजीएस, कारण तिला फक्त अंग करावे लागते आणि शंटिंगमुळे लेआउट लगेच जिवंत होतो, मग डब्ल्यूजी, मग बार्शीचे इंजिन, आणि पितळात हात बसल्यावर डब्ल्यूपी. पुण्यात राहत असाल तर कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय सुरुवातीलाच पाहून या. काट्यांची जोडणी आणि गाड्यांचे वेळापत्रक तिथे चालत्या स्थितीत पाहायला मिळते.

रंग आणि अक्षरे शेवटी करायची असली तरी वर्ष आताच ठरवावे लागेल, कारण मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी स्थापन झाली आणि त्याआधी याच मार्गावरच्या टेंडरांवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) लिहिलेले असे. इंजिन मोठ्या दुरुस्तीसाठी परळच्या कारखान्यात गेले की नवा रंग आणि नवी अक्षरे येत, म्हणून १९५२ चा देखावा असेल तर एका जुन्या टेंडरवर फिकट झालेली जुनी अक्षरे राहू द्यावीत. आयसीएफचा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला. त्याआधीचे वर्ष घेतले तर आयसीएफचा एकही डबा नको, आणि १९५८ घेतले तरी गाडीत आयसीएफचा एखाद-दुसराच डबा शोभेल. इंजिनांचा काळा रंग निव्वळ काळा वापरू नये, त्यात थोडा तपकिरी मिसळावा. आपल्याकडचे पाणी जड असल्याने इंजेक्टर आणि सुरक्षा झडपांखाली क्षाराचे पांढरट ओघळ उतरत. ते अगदी पातळ रंगाने, वरून खाली, एकाच फटकाऱ्यात द्यावेत. डब्ल्यूपीच्या ताऱ्यावर आणि शंकूवर मात्र ओघळ, काजळी काही नको, कारण मेलच्या इंजिनाचा चेहरा शेडमध्ये रोज पुसला जात असे.